दोन बोटं माया

ब्रनोच्या जुन्या डेअरीत प्रदर्शन भरलंय.
भिंतींना अजून आंबूस वास,
आणि भिंतींवर आमची लढाई:
दर डिसेंबरची, दुपारी दोनची, तिकीट लावून.

लोक फोटो बघायला आलेत.
मी माझी शिवण बघायला.

पहिल्याच चौकटीत लुबोर. एरवी ट्राम चालवतो.
इथे ग्रेनेडियर, मिशीला मेण,
नजर दूर कुठल्याशा शतकात.
त्याच्या डाव्या बाहीचं तिसरं काज मी घाईत केलं होतं.
एवढं मोठं करून लावलंय की
कुणालाही दिसेल.
कुणालाच दिसत नाही.

"मेलेल्यांची रचना बघ,"
चष्मेवाला एक जण बायकोला सांगतो,
"कसे तिरक्या रेषेत पडलेत, लाट ओसरल्यासारखे."
अहो, तिथे गवत कोरडं होतं.
मीच बजावलं होतं सगळ्यांना,
मरायचं तर कोरड्यात मरा,
लोकर भिजली की चार दिवस वाळत नाही
आणि चिखलाचे डाग मी काढणार नाही.
ऐकतात बिचारे.
दोन्हीकडचे ऐकतात, निळे आणि हिरवे.
अस्तर दोघांचं एकाच ताग्यातलं,
दुलईसाठी विणलेलं, मला स्वस्तात मिळालेलं.

पुढे बाजारबुणग्यांच्या तंबूत ड्राहोमीरा सूप ढवळतेय,
पदराआड मोबाइल लपवायचा राहिलाय.
मग सम्राट. म्हणजे आमचे दंतवैद्य.
घोड्यावर, मागे धूर.
त्यांची विजार मी तीनदा उसवलीय,
तीनदा सैल केलीय.
साम्राज्याचा विस्तार, लुबोर म्हणतो.
हसले मी. एकटीच, मोठ्यांदा.
पहारेकरी बाईंनी मान वर करून पाहिलं.

शेवटच्या खोलीत गर्दी नाही.
एकच फोटो, त्या डिसेंबरचा,
ज्याच्यानंतरचा फेब्रुवारी आला.
शेकोटीभोवती हिरव्या कोटातले सहा जण,
खार्किवहून व्हॅन हाकत आलेले.
उजवीकडून दुसरा ओस्ताप. शाळेत भूगोल शिकवायचा.
भाजलेला बटाटा, फार गरम,
एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात टाकतोय,
आणि फोटोत बटाटा
मधल्या मध्ये, हवेत.
अंगात उसना कोट, खांद्यांना तंग.

त्याच रात्री कंदिलाखाली मी त्याचं माप घेतलं.
छाती एकशे चार, बाही सदुसष्ट.
"पुढच्या वर्षी नेईन," म्हणाला,
आणि मी नको नको म्हणताना
पैसे शिवणयंत्राच्या खणात सारून गेला.

कोट झालाय. केव्हाच झालाय.
दुकानात मागच्या दांडीवर, खाकी कागदात.
ओस्ताप आता दुसऱ्याच गणवेशात आहे,
मी न शिवलेल्या.
त्याचं कापड कसलं, आत अस्तर आहे का,
भिजलं तर किती दिवसांनी वाळतं,
काही ठाऊक नाही मला.

दोनदा निरोप आला.
आधी: कोट कुणाला विकू नका.
मग मार्चमध्ये: मी बारीक झालोय.
आता ऑक्टोबर चाललाय.

"क्षण काय पकडलाय," चष्मेवाला माझ्या मागे येऊन म्हणतो,
"बटाटा बघ, अधांतरी."
मी बाजूला झाले. बघू देत.
पहारेकरी बाई एकेक दिवा मालवत आल्या,
माझ्याजवळचा तेवढा मालवेनात,
किल्ल्या हातात धरून उभ्या राहिल्या.

येताना ठरवलं होतं,
घरी गेल्यावर कोटाच्या बगला उसवायच्या,
बारीक झालाय तर जरा आत घ्यायचा.
मग म्हटलं, नको.
माणूस घरचं खायला लागला की भरतो.
दोन बोटं माया सोडलीय आत, दोन्हीकडे.
राहू दे तशीच.

डांबरगोळ्या तेवढ्या बदलायला हव्यात.